मार्थाआत्याच्या पदरातली तूर

ये, जवळ ये. मोबाईल बाजूला ठेव आणि माझ्या खाटेवर बसल्यासारखी बैस, स्नेहा. मला तुला थोडं रागवायचं आहे. ख्रिसमसला आलीस, दोन दिवस राहिलीस, भिंतीवरचा चर्चचा फोटो बघितलास आणि विचारलंस, "आजी, ही बाहेर खोडावर बसलेली बाई कोण?" मी तेव्हा पोळ्या लाटत होते. "आपल्या मंडळीतली," एवढंच म्हणाले. रात्रभर मात्र मला ते टोचत राहिलं. अगं, जन्मल्यावर तुला पहिली अंघोळ तिनं घातली. तुझ्या आईला सव्वा महिना तिनं शेकलं. आणि तू विचारतेस, ही कोण. चूक तुझी नाही, आमची आहे. आम्ही कोणी तिच्याबद्दल बोलतच नाही. एक वर्ष झालं, मंडळीत कोणी तिचं नाव काढलं की दुसरा लगेच पावसापाण्याचं काढतो. म्हणून आता लिहून काढते. शाळा मी चारच इयत्ता शिकले, बाकीचं गीतांच्या पुस्तकावरून जमवलं, तेव्हा काना-मात्रा इकडंतिकडं झाल्या तर हसू नको.

तिचं नाव मार्था. सगळ्या गावाची आत्या. मंडळीची तर होतीच, पण बौद्धवाड्यातली पोरंही आत्याच म्हणायची आणि देशमुखांच्या म्हाताऱ्या बायकासुद्धा. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. मिशनच्या जुन्या दवाखान्यात आया होती. दवाखाना बंद पडला, तेव्हापासून तिनं चर्च धरलं. झाडलोट तिची, सतरंज्या तिच्या, किल्ली तिच्या कमरेला. उंचीनं माझ्या खांद्याला लागेल एवढी. चालताना चपला हातात. रिसोडच्या बाजारातून येतानाही जीपमधून उतरली की चपला काढून हातात घ्यायची. मी एकदा म्हटलं, "अवं आत्या, डांबर तापलं हाये."

"पाय धुता येतेत," ती म्हणाली. "चप्पल झिजली तं ते का धुवून भरून येते?"

प्रार्थना तिच्यासारखी कोणाची नव्हती. पाळकसाहेब दोन मिनिटांत आटोपायचे, पण आत्या उभी राहिली की पोरं मागच्या मागं सटकायची. देवाला ती गावातली सगळी बातमी द्यायची. दिनकरचा बैल लंगडला, सुमनच्या शिलाई मशीनचा पट्टा तुटला, अमक्याच्या सुनेला दिवस गेले पण तिनं अजून सासूला सांगितलं नाही. ती सासू तिथंच डोळे मिटून बसलेली असायची. ते डोळे खाडकन उघडायचे. नंतर सून भांडायला गेली तर आत्या म्हणाली, "मी तं देवाले सांगत होती. ती काहून ऐकत होती?"

पण तिची खरी ओळख म्हणजे तूर.

ती शिकलेली नव्हती. वीसच्या पुढं मोजताना तिचा घोळ व्हायचा. फार वर्षांपूर्वी एका पाळकसाहेबांनी तिला सांगितलं होतं, उपासनेला किती माणसं येतात ते मला दर रविवारी सांगत जा. तिनं त्यावर आपला मार्ग काढला. मंडळीत जेवढी माणसं, पोरासोरांसकट, तेवढे तुरीचे दाणे ती घरून मुठीत घेऊन यायची. दाराशी उभी राहायची. माणूस आत आला की एक दाणा मुठीतून काढून पदरात टाकायचा. घंटा झाली की पदराला गाठ. गाठीतले दाणे म्हणजे आलेले आणि मुठीत उरले ते न आलेले. वीसवीसचे ढीग लावून ती साहेबांना आकडा सांगायची. कोणाचं मूल झालं की तिच्या मुठीत एक दाणा वाढायचा, कोणाला माती दिली की एक कमी व्हायचा. रविवारी संध्याकाळी गाठीतले दाणे तिच्या वरणात जायचे. नवे दाणे शनिवारी निवडायचे, किडका चालत नसे. "माणूस हाये तो," म्हणायची.

मुठीत उरलेल्यांच्या घरी ती दुपारीच जायची. न बोलावता. दिनकर एकदा सोयाबीन काढायला म्हणून तीन रविवार आला नाही. तिसऱ्या रविवारी दुपारी आत्या येताना दिसली तसा तो बैलाच्या गोठ्यात शिरला आणि बायकोला म्हणाला, ताप आला म्हणून सांग. आत्या ओसरीवर बसली. पाणी प्याली.

"ताप हाये का?"

"हो ना, लय हाये," दिनकरची बायको म्हणाली.

"मंग त्याले गोठ्यात कायले ठेवला? बैलाले लागंल ना."

दिनकर डोक्याला गवत लागलेल्या अवस्थेत बाहेर आला. तिनं त्याला एक शब्द विचारला नाही. त्याच्या हातावर एक तुरीचा दाणा ठेवला. "हा तुहा हाये. तीन रविवार माह्या मुठीतच राह्यला. मले याले वरणात टाकता येत नाही, फेकता येत नाही. आता तूच ठेव." पुढच्या रविवारी दिनकर दाणा घेऊन सगळ्यात आधी हजर.

आणि ती आकड्याला फार पक्की होती. एकदा वरिष्ठ मंडळींना वर्षाचा अहवाल पाठवायचा होता. पाळकसाहेबांनी उपासनेत वाचून दाखवला, सरासरी हजेरी साठ. आत्या मागून उठली. "साहेब, त्रेचाळीस." पाळकसाहेब हसले, म्हणाले, "आत्या, अंदाजे लिहिलंय." ती म्हणाली, "अंदाजे माणूस कसा राह्यते? तो येते, नाहीतं येत नाही." साठ खोडून त्रेचाळीस झालं. त्याच अहवालामुळं आम्हाला छपराला नवीन पत्रे मिळायचे राहिले असं मंडळीचे पंच नंतर म्हणायचे. मी ते बोलणं इथं लिहिते आहे खरी, पण त्यात किती तथ्य होतं मला माहीत नाही. पत्रे जुनेच राहिले, हे मात्र खरं.

आता सुमनचं सांगते. सुमन मंडळीतली विधवा बाई, ब्लाऊज शिवायची. तिची एकच मुलगी, कुसुम. लहानपणी तापात कुसुमचे कान गेले. अगदी जवळ येऊन ओरडलं तर थोडं ऐकू यायचं. मोठी झाली, आईसारखीच मशीनवर बसायला लागली. सव्वीस वर्षांची होती. उपासनेत गीत चालू असताना ती इतरांच्या ओठांकडं बघून ओठ हलवायची आणि आत्याकडं बघून हसायची. दोघींची बोटांची भाषा होती. आत्या दुरून मूठ दाखवायची, किती उरले म्हणून. कुसुम बोटांवर सांगायची. बऱ्याचदा बरोबर यायचं.

आणि एक सांगायचं राहिलं. आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. शेवटची दोन-तीन वर्षं तिला समोरचा माणूस नुसता आकार दिसायचा. ती आवाजावरून, चालीवरून ओळखायची आणि कळू द्यायची नाही. मला कळलं होतं. एकदा तिनं मला माझ्याच जावेच्या नावानं हाक मारली. मी म्हटलं, वाशीमला शिबिर असतं, जाऊन ये. ती म्हणाली, "सोयाबीन निघू दे." सोयाबीन निघालं, तूर निघाली, ती गेली नाही. मी परत म्हटलं नाही. मंडळीत कोणाला सांगितलंही नाही. किल्ली काढून घेतील म्हणून.

ते ईस्टर होतं. सकाळी उपासना झाली. गाठीत अठ्ठावन्न दाणे. ईस्टरला सगळे येतात. मग प्रीतिभोजन, चर्चच्या आवारात कडुलिंबाखाली. भात, वरण, वांग्याची भाजी आणि बुंदी. पहिली पंगत पोरांची, दुसरी गड्यांची, बायकांची शेवटी. आत्या भात वाढत होती, बुंदीचं ताट माझ्याकडं होतं. सुमन आवारातल्याच पाळकसाहेबांच्या घरात भांड्यांवर होती. ऊन मी म्हणत होतं. बायकांची पंगत चर्चमध्येच बसवू असं ठरलं.

दुसरी पंगत उठत होती तेव्हा मंगरूळपीरच्या बाजूनं आभाळ लालसर काळं झालं. अवकाळी आम्हाला नवी नाही, पण हे वेगळं होतं. आधी धूळ आली. इतकी, की हातातलं ताट दिसेना. मांडवाचं कापड उडालं. मग वारा असा आला की उभ्या माणसाला ढकलत न्यायला लागला. कोणीतरी ओरडलं, साहेबांच्या घरात चला. घर स्लॅबचं, दोन खोल्यांचं. सगळे तिकडं पळाले.

आत्या साहेबांच्या दाराशी उभी होती. तिनं पदराची गाठ सोडली होती. आत भांड्यांवर असलेल्यांचे दाणे आधीच मुठीत घेतले होते. माणूस आत आला की दाणा मुठीत. धुळीनं सगळ्यांची तोंडं सारखी झाली होती, माझी मलाच ओळखू आली नसती. मी आत गेले तेव्हा माझा दंड चाचपून ती म्हणाली, "जा, जा." तिच्या ओठात आकडे नव्हते, नुसते दाणे सरकत होते. शेवटी पदर रिकामा झाला.

आतल्या खोलीतून सुमननं विचारलं, "आत्या, कुसुम आली का वं?"

"पदर रिकामा झाला," आत्या म्हणाली. "सगळे आले. लावा दार."

दार लावलं. कडी बसेना, चार गडी पाठ लावून उभे राहिले. वीस मिनिटं असेल. पत्रे फाटल्याचा आवाज आला, मग एक मोठा आवाज, मग गारा. मुलं रडत होती आणि पाळकसाहेब मोठ्यानं प्रार्थना करत होते. सुमन आतल्या खोलीत, बाहेरच्या खोलीत पन्नासेक माणसं कोंबलेली. मधून जायला जागा नव्हती. कुसुम बाहेरच्या खोलीत आहे असं तिनं धरलं.

वारा पडला, दार उघडलं, तेव्हा सगळ्यांत आधी एक माणूस बाहेर पडला. त्यानं तोंडावरचा रुमाल सोडला आणि म्हणाला, "लय उपकार झाले बाप्पा. माही मोटारसायकल कुठी गेली पाह्यतो." त्याला आमच्यात कोणी ओळखत नव्हतं. रस्त्यानं चालला होता, वारा आला तसा आमच्या आवारात शिरला आणि आमच्याबरोबर आत आला. बाजूलाच उभ्या असलेल्या आत्यानं त्याचा आवाज ऐकला. तिनं विचारलं, "तू कोण रे?" त्यानं गावाचं नाव सांगितलं. आत्या हातातल्या मुठीकडं बघत राहिली. तोवर आतून सुमन आली होती आणि एकेकीला धरून विचारत होती, कुसुम, कुसुम कुठी हाये.

कुसुम चर्चमध्ये होती. बायकांच्या पंगतीसाठी सतरंज्या घालायला गेली होती. कोणी पाठवलं नव्हतं, ते तिचं नेहमीचं काम. आमचं ओरडणं तिला ऐकू आलं नाही. छप्पर सगळं गेलं होतं आणि मधली मोठी मयाल, तेवढं जाड लाकूड, खाली आली होती. याच्यापुढं मी लिहीत नाही. सतरंजी तिच्या हातात होती, एवढं सांगते.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला माणूस आला. त्यानं वहीत लिहीत विचारलं, "घटनेच्या वेळी इमारतीत किती जण होते?"

आत्या म्हणाली, "एक. आन् मी सांगतलं होतं कोणी नाही."

"नाही आजी, मी फक्त आकडा विचारतोय."

"मीही तेच सांगून राह्यली," ती म्हणाली.

माती दिली त्या दिवशी तो मोटारसायकलवाला आला होता. कोणाकडून तरी त्याला कळलं. कब्रस्तानाच्या फाटकाशी उभा राहून बिचारा लहान मुलासारखा रडत होता. "मी घुसलो नसतो तं तुमचा एक दाणा उरला असता, आत्या." आत्यानं त्याचा हात धरला. "तू आत आला ते बरोबरच केलं. वाऱ्यात कोणी बाहेर थांबते का? मी तोंडं नाही पाह्यली. मी दाणे पाह्यले." मग ती म्हणाली, "मले तोंडं दिसतच नव्हती." त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांना कळलं. सुमननंही ऐकलं. मी खाली बघत उभी राहिले.

पुढचे महिने कसे गेले तुला काय सांगू. आमचे पत्रे अर्ध्या कोसावर लोकांच्या वावरात पडले होते. कोणी बैलगाडीत, कोणी डोक्यावर आणून दिले. वाकलेले, फाटलेले, पण आणून दिले. उपासनेला जागा नव्हती. बौद्ध विहाराच्या कमिटीचे गौतमभाऊ स्वतः पाळकसाहेबांकडं आले. म्हणाले, "साहेब, रविवारी सकाळी आमचा हॉल रिकामाच राह्यते. वंदना आमची संध्याकाळी असते. तुमी या." पाळकसाहेब "आमची गाणी मोठ्यानं असतात," असं काहीतरी म्हणाले. गौतमभाऊ म्हणाले, "आमचे लाउडस्पीकर ऐकले ना तुमी इतके वर्ष? आता आमी ऐकतो." सात महिने आम्ही तिथं भरलो.

आत्या यायची. पण आत नाही. बाहेर चपलांजवळ पायरीवर बसायची. तुरीची मूठ तिनं बंद केली. पाळकसाहेबांनी एकदा विचारलं, आज किती आले, तर म्हणाली, "दुसऱ्या कोणाले सांगा." किल्लीही तिनं माझ्याकडं आणून दिली. कुलूप लावायला दार राहिलं नव्हतं, तरी आणून दिली.

सुमन कुठंच येत नव्हती. आणि आत्या रोज सकाळी सुमनच्या दारी जायची. गावात नळ आठ दिवसांनी येतो, तोवर हापशी. आत्या हापशीवर कळशी भरायची, भिंत धरत धरत जायची आणि सुमनच्या ओट्यावर ठेवून यायची. सुमन दार उघडायची, कळशी उचलायची आणि समोरच्या शेवग्याच्या बुंध्याशी पाणी ओतायची. आत्या कोपऱ्यावर पोहोचायच्या आत. आवाज ऐकू जावा असं ओतायची. रिकामी कळशी ओट्यावर उलटी ठेवायची. दुसऱ्या दिवशी आत्या तीच घेऊन जायची.

पावसाळा लागला तरी हेच. मी न राहवून म्हटलं, "आत्या, काहून जाता वं? ती ओतून देते."

"ओतू दे. ती ओतते, मी भरतो. तिनं दार तं उघडलं ना. घरात बसून राह्यली असती तं सकाळ झाली हे तिले समजलं नसतं."

मी सुमनकडंही गेले. तिच्या मशीनवर कुसुमचं अर्धवट शिवलेलं झंपर तसंच होतं, सुईखाली. मी म्हटलं, "सुमन, म्हातारी हाये ती. दिसत नाही तिले." सुमन म्हणाली, "दिसत नव्हतं तं म्हणायचं होतं, दिसत नाही. मी इचारलं होतं, वैनी. मी तोंडानं इचारलं होतं. ती जर म्हणाली असती, मले ठाऊक नाही, तं मी दार तोडून गेली असती." मला दिसत होतं तिला दिसत नाही ते, आणि मी गप्प बसले होते. ते तिला मी तेव्हा सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आज इथं लिहिते.

सोयाबीन निघाल्यावर छप्पर झालं. नवे पत्रे, लोखंडी कैच्या, मयाल नाही. उपकारस्तुतीच्या, पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या रविवारी परत आत जायचं ठरलं. पाळकसाहेब सुमनला बोलवायला गेले. सुमन म्हणाली, "ती आत असंल तं मी येत नाही." पाळकसाहेब तसेच परत आले. पंचांची बैठक बसली. कोणी म्हणे सुमनचं बरोबर, कोणी म्हणे म्हातारीनं पन्नास वर्षं हे चर्च सांभाळलं, तिला बाहेर कसं ठेवणार. दोन तट पडले. दिनकर तर म्हणाला, आत्या बाहेर तर मी बाहेर.

आत्यानं ते ऐकलं आणि काठी टेकत बैठकीत आली. "दिनकर, तू आत बस. तुह्या बैलाले ताप नाही." कोणी हसलं नाही. मग ती म्हणाली, "सुमन आत बसली पाह्यजे. तिची पोरगी तिथं गेली. मी बाहेर बसतो. बाहेरून बी ऐकू येते." आणि बैठक संपली.

तू बघितलास तो फोटो त्या रविवारचा. कोणी मोबाईलवर काढला. वादळात पडलेल्या कडुलिंबाचं खोड आवारातच होतं. त्यावर आत्या बसली होती, दाराकडं पाठ करून. सुमन आत, बायकांत, खांबाजवळ, जिथं कुसुम बसायची. ती गायली नाही. मान वर केली नाही. मी दाराशी होते. गुडघ्यांमुळं मला आता दाराशीच खुर्ची देतात.

प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट फिरत फिरत सुमनपाशी आलं. तिनं हात पुढं केला आणि मागं घेतला. ताट पुढं गेलं. मग ती उठली. सगळ्यांच्या मधून, पाय कोणाला लागतो कोणाला नाही याचं भान नसल्यासारखी, माझ्या खुर्चीला धक्का देत बाहेर गेली. मला वाटलं घरी चालली. ती खोडापाशी जाऊन थांबली.

"आत्या."

आत्यानं मान वळवली. आवाजाच्या बाजूला.

"तू वाढत होती त्या दिवशी. मी भांड्यावर होती. मले एक सांग." सुमन तिच्या पुढ्यात आली. "कुसुम जेवली होती का?"

आतलं गीत थांबलं होतं. बाहेर पत्रे उन्हानं तडतडत होते. सात महिने ही बाई हा एक प्रश्न पोटात घेऊन बसली होती आणि आमच्यातल्या कोणाच्या डोक्यात आला नाही, बघ. आम्ही तिला धीर देत होतो, वचनं वाचून दाखवत होतो. तिला एवढंच पाहिजे होतं.

"जेवली," आत्या म्हणाली. लगेच. "पोरांच्या पंगतीत मीच बसवलं तिले. नाही म्हणे, आईसंग बसतो म्हणे, असा हात केला. मी दटावलं. वरणभात खाल्ला. भात परत घेतला. बुंदी दोनदा घेतली, अन् थोडी ओढणीच्या कोपऱ्यात बांधली. तुह्यासाठी."

सुमन खोडाच्या दुसऱ्या टोकाला बसली. तिनं तोंडात पदर घातला. बराच वेळ तिचे खांदे हलत होते. आत्यानं तिला हात लावला नाही.

आता ऐक. पोरांच्या पंगतीत बुंदी मी वाढली होती. एकेकाच्या पानात, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कुसुम मला आठवत नाही. पण त्या गडबडीत मला काय काय आठवणार, मीही म्हातारी आहे. साठाचे त्रेचाळीस करणारी बाई होती ती. खरं होतं का, मला माहीत नाही. मी तिला कधी विचारलं नाही, आणि कोणी मला विचारलं तर मीही सांगीन, दोनदा घेतली.

पदर तोंडातून काढून सुमन म्हणाली, "उद्यापासून पाणी नको आणू."

"बरं."

"दिसत नाही तुले. पडशीन कुठी हापशीवर." मग म्हणाली, "मंगळवारी वाशीमले शिबिर हाये. तयार राह्य."

माफ केलं असं सुमननं कधी म्हटलं नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. मंगळवारी मी एस. टी.च्या थांब्यावर दोघींना बघितलं. सुमननं तिचं मनगट धरलं होतं आणि दोघी दोन दिशांना बघत होत्या.

आत्या त्यानंतर फार जगली नाही. पौषातल्या थंडीत गेली, घरात, सकाळी उठलीच नाही. सुमननंच दार वाजवलं, सुमननंच तिला अंघोळ घातली. पण मला ती आठवते ती त्याच्या आधीची, ऑपरेशननंतर चार दिवसांनी. मी गिरणीतून येत होते. सुमनच्या ओट्यावर आत्या बसली होती, काळा चष्मा मांडीवर, मान मागं टाकलेली. सुमन तिच्या डोळ्यात थेंब घालत होती, अंगठ्यानं पापणी वर धरून, अगदी जवळ वाकून. आत्या हलत होती म्हणून तिच्यावर चिडत होती.

"वर पाह्य. माह्याकडं पाह्य. दिसून राह्यलं का?"

"दिसून राह्यलं," आत्या म्हणाली. तिनं हात वर केला आणि सुमनच्या गालाचं हाड चाचपलं. "लय वाळली वं तू, सुमन."

सुमननं तिचा हात बाजूला केला नाही. "डोळा मिट," एवढंच म्हणाली, आणि दुसऱ्या औषधाची बाटली उघडली.

तर अशी ती बाई, पोरी. सुमन आता एकटी आहे. मशीन परत चालू केलं आहे, पण दुपारी शिवत नाही, ओट्यावर बसते. तुझ्या लग्नाची झंपरं तिच्याकडंच शिवायची असं मी ठरवलं आहे आणि माप फोनवरून देता येत नाही. तेव्हा सुट्टी मिळते की नाही ते मला कळवत बसू नको. ये. या महिन्यातच ये. आपण दोघी तिच्याकडं चहा प्यायला जाऊ.